चार बोटं जास्तीचं कापड

ताई, तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी आम्ही कारखाना उघडला. तुम्ही असतात तर तिसऱ्याच दिवशी उघडायला लावला असतात. शाळेचे ड्रेस शिवणाऱ्यांनी मे-जूनमध्ये आजारी पडू नये, लग्न करू नये आणि मरू तर अजिबात नये, असं तुम्हीच सगळ्यांना बजावायचात. आणि तुम्ही स्वतः मेच्या शेवटच्या आठवड्यात गेलात. शाळा उघडायला अठरा दिवस राहिले होते.

उठावन्याला, म्हणजे शोकसभेला, हॉल कमी पडला. आपल्याकडे शिवणाऱ्या सगळ्याजणी आल्या, सोडून गेलेल्यासुद्धा. शाळांच्या प्रिन्सिपल आल्या. तुमची मुलगी अश्विनी पुण्याहून आलेली, फोटोशेजारी बसून सगळ्यांना नमस्कार करत होती. निम्मे लोक तिच्या ओळखीचे नव्हते, म्हणून मी मागे बसून हळूच नावं सांगत होतो. तेवढ्यात कापड मार्केटमधले एक शेठजी माझ्याजवळ आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मॅडम बहुत अच्छी थीं भिया. बस, धंधा बड़ा नहीं कर पाईं. इतने साल में तो चार फैक्ट्री हो जातीं."

मी मान हलवली. त्यांना काय माहीत, नऊ वर्षांपूर्वी हेच मी तुमच्या तोंडावर बोललो होतो, आणि ह्याहून वाईट शब्दांत.

तेव्हापासून जे बोलायचं राहिलं ते आता इथे लिहून बोलतो. तुम्ही मध्येच तोडणार नाही, ह्याची सवय व्हायला मात्र वेळ लागेल.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. महूहून बसने इंदूरला आलो होतो, बी.कॉम.ची मार्कशीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून. परदेशीपुऱ्यातला तुमचा कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीस मशीनं, मधोमध कटिंगचं लांब टेबल आणि पुढे रस्त्याला लागून काउंटर. शहरातल्या दहा-बारा शाळांचे ड्रेस तिथे शिवले जायचे. मला वाटलं होतं ऑफिसचं काम मिळेल, पंख्याखाली खुर्ची मिळेल.

"मशीन येते का?" तुम्ही विचारलंत.

"ताई, मी कॉमर्सचा आहे."

"चांगलंय. डोकं आहे म्हणजे. लवकर शिकशील."

तीन महिने तुम्ही मला शर्टाचे खिसे लावायला बसवलंत. तीस बायकांमध्ये मी एकटा. खिसा तिरका गेला की तुम्ही ब्लेडने उसवायचात आणि एक शब्द न बोलता परत पुढ्यात ठेवायचात. महूला आई म्हणायची, "तुझे आजोबा फौजेत होते, आणि तू बायांत बसून खिसे शिवतो?" मला तुमचा फार राग यायचा तेव्हा. चौथ्या महिन्यात एका शाळेचा माणूस काउंटरवर घासाघीस करत होता. म्हणाला, एका शर्टात असं काम तरी काय असतं. मी त्याला एका शर्टाची सगळी कामं सांगायला लागलो, कॉलरपासून काजापर्यंत, कुठे हात थांबतो, कुठे चुकतो. तो ऐकून थकला आणि गुपचूप ऑर्डर देऊन गेला. तुम्ही आतून ऐकत होतात. दुसऱ्या दिवशी मला टेबल मिळालं.

वडिलांबद्दल तुम्ही फार बोलत नव्हतात. जे काय बोललात ते एकाच दुपारी, लाइट गेली होती आणि सगळी मशीनं बंद होती तेव्हा. ते कापडाच्या मिलमध्ये होते, विणायच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर. "दर दिवाळीला बाबा घरी येऊन सांगायचे, बोनस चांगला दिला," तुम्ही म्हणालात. "आणि मग हात धुता धुता म्हणायचे, साचे यंदा पण तेच जुने. आईला बोनसचं कळायचं. साच्यांचं काय, ते तिला कळायचं नाही, आम्हाला पण नाही. नंतर मिलला कुलूप लागलं. बाबांनी बावन्नाव्या वर्षी भाजीची गाडी लावली. लोकं कुलूप लागलं ती तारीख सांगतात. मी म्हणते, मिल अशाच एखाद्या दिवाळीला बंद पडली होती, सगळे पेढे खात होते आणि साच्यांकडे कुणी बघत नव्हतं तेव्हा."

मग लाइट आली, तीसच्या तीस मशीनं एकदम सुरू झाली, आणि तुम्ही उठून गेलात. मी तेव्हा ते फक्त एक जुनं दुःख म्हणून ऐकलं होतं.

कामात तुमचा हट्ट एकच. स्कर्ट असो की पॅन्ट, खाली चार बोटं जास्तीचं कापड आत दुमडायचं. मूल वाढलं की दुमड उसवायची, ड्रेस अजून वर्ष-दीड वर्ष चालतो. आपले कटिंगचे रफीक मास्टर दर सीझनला कुरकुर करायचे, "दीदी, इतने कपड़े में तो हर दसवाँ पीस मुफ्त निकल आए." तुमचं उत्तर ठरलेलं, "मास्टर, वो कपड़ा अपना नहीं है, बच्चे का है." मास्टर डोकं हलवायचे आणि चार बोटं मोजून खडूची रेघ ओढायचे.

आता त्या ऑर्डरचं.

शाळांचा तो मोठा ग्रुप होता. इंदूर, उज्जैन, देवास, भोपाळ, सगळीकडे ब्रांच. मी वर्षभर त्यांच्या मागे होतो. किती वेळा त्यांच्या ऑफिसच्या पाचव्या मजल्यावर जाऊन काचेच्या दारापाशी बसलो ते मलाच माहीत. शेवटी त्यांनी तुम्हाला भेटायला बोलावलं. विजय नगरचं ते ऑफिस, एसी इतका की तुम्ही पदर खांद्यावरून ओढून घेतलात. समोर मॅनेजर, तिशीतला, बोलायला गोड. त्याने सगळं समजावून सांगितलं. दरवर्षी डिझाइनमध्ये छोटा बदल राहील, चेकमध्ये एखादी रेघ किंवा कॉलरचा रंग. आणि खालची दुमड एक इंचाच्या वर नको.

"क्यों?" तुम्ही विचारलंत.

"रिपीट सेल, मॅडम."

"मतलब बड़े भाई का ड्रेस छोटे को नहीं चलेगा?"

"एग्ज़ैक्टली!" तो खूश झाला. बाईंना पटकन समजलं.

तुम्ही चहा घेतलात. हळूहळू, शेवटच्या घोटापर्यंत. मग कप ठेवून म्हणालात, "बेटा, ये काम कोई और आपके लिए अच्छा करेगा. हमसे बिगड़ जाएगा." लिफ्टमध्ये मी तुमच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण कारखान्यासमोरच्या पोह्यांच्या गाडीवर उभे होतो. तुम्ही पोह्यांवर जिरावन मसाला टाकून घेत होतात. मी प्लेट घेतलीच नव्हती.

"ताई, माझं एक वर्ष गेलं त्याच्यात."

"माहीत आहे मला."

"दुसरी शिफ्ट लागली असती. अजून वीस बायकांना काम मिळालं असतं. तुम्ही बच्चे बच्चे करता, त्या बायकांना बच्चे नाहीत का? मला नाही का?"

"संदेश, ते दोन वर्षं देतील काम. मग त्यांना अजून कोणी सस्ता भेटेल. तोपर्यंत आपल्या जुन्या शाळा सुटलेल्या असतील, आणि हात बिघडलेले असतील. चार बोटं सोडायची सवय एकदा गेली ना, की परत लागत नाही."

"लांबचं बघायला आधी आजचं भागावं लागतं."

"माझं कधी भागलेलं होतं, भिया?" तुम्ही मला भिया म्हणायचात ते फक्त रागात.

आणि मग मी ते बोललो. "तुमच्या बाबांची मिल बंद पडली, त्याची सजा आम्हाला कशाला देता?"

गाडीभोवती आठ-दहा लोक होते. आपल्याच तीन बायका होत्या त्यात. तुम्ही प्लेट ठेवलीत, अर्धे पोहे तसेच. रुमालाने हात पुसलात आणि रस्ता ओलांडून आत गेलात. मी मागे आलो नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे सव्वादोन वर्षं नाही.

ती ऑर्डर ज्यांनी घेतली त्यांनी मलाही घेतलं. खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष मजेत गेलं. नवीन मशीनं, दोन शिफ्ट, जेवायला वेगळी खोली. महू सोडून आम्ही विजय नगरला फ्लॅट भाड्याने घेतला. मुलगी पहिलीत गेली, त्याच ग्रुपच्या शाळेत. कंपनीत चेकचे तीन नमुने माझ्या टेबलावर आले, पुढच्या वर्षासाठी. मी त्यातला तो निवडला जो लांबूनसुद्धा वेगळा दिसेल. कारण तेच तर हवं होतं.

जूनमध्ये बायको पलंगावर दोन स्कर्ट मांडून बसली होती, एक जुना, एक नवा.

"ह्याच्यात बदललं काय?" तिने विचारलं.

"निळी रेघ आली आहे."

"रेघेसाठी नवीन ड्रेस?" तिने जुना स्कर्ट उलटा करून बघितला. "आणि ह्याच्यात खाली सोडायला पण काही नाही ठेवलं. कोण शिवतं रे असे?"

मी शिवतो, असं मी म्हणालो नाही. ती रेघ मी निवडली, हेही मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

तिसऱ्या वर्षी त्या ग्रुपला दुसऱ्या शहरात कोणी सस्ता भेटला. एक ईमेल आला, चार ओळींचा. मालक वाईट माणूस नव्हता. तो स्वतः गेटवर उभा राहून एकेका कामगाराला सांगत होता. नवीन मशीनांवर कव्हरं चढली. जुन्या छोट्या शाळा आम्ही केव्हाच सोडल्या होत्या. त्या कुणाकडे गेल्या असतील, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मग तुमचा फोन आला.

"संदेश, जुलैपर्यंत मोकळा आहेस का?"

"ताई, मी..."

"आहेस की नाही, तेवढं सांग."

"आहे."

"मग सोमवारी ये. काउंटरवर गर्दी फार आहे."

संपलं. "मी तुला म्हटलं होतं ना", असं तुमचं एक अक्षर नाही. माफीचं वाक्य मी सोमवारी रस्ताभर पाठ करत आलो. आत पाऊल टाकलं तर तुम्ही बटणांचा डबा पुढे केलात, "ही खेप बघून घे जरा, भोकं बारीक वाटतात मला." नंतर दर वेळी तेच. एका दिवाळीला धीर करून मी सुरुवात केली, "ताई, त्या दिवशी पोह्यांच्या गाडीवर..." तुम्ही म्हणालात, "तो गाडीवाला आता जिरावनमध्ये मीठच जास्त टाकतो, बघितलंस का?"

तुम्ही बरोबर निघालात आणि मी चूक, एवढं सोपं ते नव्हतं. परत आलो तेव्हा आपण घ्यायचा म्हणत होतो तो मागचा हॉल दुसऱ्याकडे गेलेला होता. चांगल्या हाताच्या सात-आठ जणी सोडून गेल्या होत्या, दुसरीकडे दोन शिफ्टचं काम होतं म्हणून. त्यातल्या काही मीच ओढल्या होत्या. तुम्ही अजून मापं वहीत लिहीत होतात आणि आई-बाप काउंटरवर तासतासभर उभे राहायचे. मोबाइलवर मापं घ्यायची पद्धत मी लावली तेव्हा तुम्ही दोन दिवस तोंड फुगवून बसलात. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून माझ्याशेजारी खुर्ची ओढलीत. "चल, शिकव. हे तू चांगलं केलंस." साठीच्या जवळ आला होतात तुम्ही. किती पटकन शिकलात.

त्यानंतर शाळाच बंद झाल्या. लॉकडाऊनचं तुम्हाला काय सांगू, आपण ते सोबतच काढलं. मास्क शिवले, मग तेही काम संपलं. तुम्ही रोज चार-पाच जणींना फोन करायचात, काम नसताना. शाळा परत उघडल्या तेव्हा मी आनंदात होतो, म्हटलं, आता पोरं वाढलीत, सगळ्यांना नवीन ड्रेस लागणार. आणि तुम्ही काउंटरबाहेर एक टेबल, दोन मशीनं लावलीत आणि पुठ्ठ्यावर लिहिलंत, 'पुरानी ड्रेस लंबी करवाएँ. मुफ्त.'

रांग पार कोपऱ्यापर्यंत. एक रिक्षावाला दोन स्कर्ट घेऊन आला. तीनदा विचारलं त्याने, "सच में फ्री है?" दुमड उसवून, इस्त्री करून हातात दिले तरी जागचा हलेना.

मी तुम्हाला आत बोलावून म्हटलं, "ताई, दोन वर्षांनी धंदा दारात आलाय आणि आपण फुकट उसवत बसलोय."

"आत्ता नवीन घ्यायला आहे का ह्यांच्याकडे? चेहरे बघ ना तू."

"निदान धाग्याचे तरी घेऊ."

"तू घे. मी नाही घेत."

दोन आठवडे चाललं ते. पुढच्या वर्षी ती सगळी माणसं नवीन ड्रेस घ्यायला आपल्याकडेच आली. ज्या शाळांकडे आपण कधी गेलो नव्हतो अशा तीन शाळांनी स्वतःहून बोलावलं, का तर मुलांच्या आयांनी आपलं नाव घेतलं. तुम्ही एकदाही माझ्याकडे बघून हसला नाहीत. पण ताई, धाग्याचे घ्यायला हवे होते, असं मला अजूनही वाटतं. हे भांडण आपलं राहूनच गेलं.

एप्रिलमध्ये तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. रोज दुपारी मी येऊन बसायचो. एकदा तुम्हाला जरा बरं वाटत होतं. खिडकीकडे तोंड करून पडला होतात. एकदम म्हणालात, "तुला काय वाटतं, मला मोठं नव्हतं व्हायचं?"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मला पाच कारखाने हवे होते रे. त्या पाचव्या मजल्यावर माझ्या डोक्यात सगळं मांडून झालं होतं. मागचा हॉल, वरचा मजला, कुणाला सुपरवायझर करायचं. तो चहा होता ना, तो संपेपर्यंत मी हो म्हणणार होते. शेवटच्या घोटापर्यंत."

"मग?"

"मग काय. बाबा हात धुताना दिसले." तुम्ही माझ्याकडे वळलात. मग म्हणालात, "तू पोह्यांच्या गाडीवर बोललास ते खोटं नव्हतं. मी जन्मभर त्या मिलला घाबरूनच धंदा केला. काही गोष्टी विचार करून सोडल्या, काही नुसत्या घाबरून. कुठली कुठली, ते मला पण नाही सांगता येणार आता."

सात वर्षं मी ह्या क्षणाची वाट बघत होतो. तोंड उघडलं आणि नर्स आली, बाटली बदलायची होती. तुम्ही डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी तुम्हाला बोलता येत नव्हतं.

म्हणून आता. ताई, चुकलो. ते वाक्य खरं असेल, तुम्हीच म्हणालात खरं होतं. पण ते एका मुलीला तिच्या बापावरून, भर रस्त्यात, तिच्याच बायकांसमोर बोलायचं नव्हतं. आणि सव्वादोन वर्षं गप्प राहायचं नव्हतं. तुम्ही मला ते कधी बोलू दिलं नाहीत. मला वाचवायला की स्वतःला, तेही आता विचारता येणार नाही.

तुम्ही गेल्यानंतरचं सांगतो आता. हे तुम्हाला आवडणार नाही.

आपल्याकडे कापडाचं थान आलं की तुम्ही त्याचा तुकडा कापून धुवायचात. एकदा नाही, पाच-सहा वेळा, उन्हात वाळवून परत. मगच मास्टरांच्या टेबलावर जायचं. ह्या वर्षी स्कर्टचं निळं कापड एप्रिलमध्ये आलं आणि मी दवाखाना-कारखाना करत होतो. तुकडा धुवायचा राहिला. खरं सांगायचं तर आठवण होती. म्हटलं, नेहमीचा व्यापारी, नेहमीचं कापड.

शाळा उघडायला दहा दिवस असताना ममता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तीच आपली, कॉलर लावणारी. हातात पांढरा शर्ट, त्यावर निळा डाग. स्कर्टच्या कापडावर इस्त्रीसाठी पाणी मारलं होतं आणि खालच्या शर्टाला रंग लागला होता. "भैया, ये देखो. पूरा थान ऐसा ही है."

मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "काटते रहो मास्टर. पहली धुलाई में सबका थोड़ा रंग जाता है."

रफीक मास्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कात्री चालवली. मी बाहेर काउंटरवर जाऊन बसलो. एक बाई मुलीला माप द्यायला घेऊन आली होती. तुमचा आवाज वगैरे काही ऐकू आला नाही मला. एवढंच डोळ्यांसमोर आलं की ही बाई घरी जाऊन पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट एकाच बादलीत भिजवणार. मी आत गेलो आणि म्हटलं, "रोको." तोपर्यंत एक अख्खं थान कापून झालं होतं.

मग शाळांना फोन, स्कर्ट उशिरा मिळतील म्हणून. पहिल्या प्रिन्सिपलने ऐकून घेतलं आणि ऑर्डर दुसरीकडे दिली. दुसऱ्यानेही. तिसरी आपली जुनी शाळा, तिथल्या त्या वयस्कर सिस्टर. त्या म्हणाल्या, "मंदाजी होतीं तो ये फोन अप्रैल में आता."

"हाँ, सिस्टर."

"बच्चे तब तक घर के कपड़ों में आ जाएँगे. पर अगले साल ऐसा मत करना."

बाकीच्या दोघी नाराज झाल्या, पण थांबल्या. नवीन कापड यायला बारा दिवस. दोन शाळा गेल्या त्या गेल्या. अश्विनीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "संदेशदादा, मला त्यातलं कळत नाही. आईने तुझ्यावर सोडलंय, तू बघ." मी बरोबर केलं की अर्धा तास उशिरा केलं, हे आता मला सांगणारं कोणी नाही. ते कळायला वर्षं जातील. तुम्हीही अशाच न कळता बसत असाल का, एवढी वर्षं? मला वाटायचं, तुम्हाला आधीपासून माहीत असतं.

ऐन जूनमध्ये कटिंगचं टेबल रिकामं. शर्टांचं काम चालू होतं, पण मास्टर स्टुलावर नुसते बसून होते. ताई, एका गोष्टीवर मी तुमच्याशी कायम भांडलो आणि तुम्ही कायम टाळलंत, ती हीच. मास्टर सत्तरीला आले. खजरान्याहून येतात, दोन पायऱ्या चढल्या तरी धापा टाकतात, सकाळचा चहा होईपर्यंत हात थरथरतो. आणि कटिंग त्यांनी आजवर कुणालाही शिकवलेलं नाही. मी म्हणायचो, मास्टरांनंतर कोण? पाच वर्षांपुढचं बघणाऱ्या तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागायचात. "त्यांना वाईट वाटेल रे." ममता चार वर्षांपासून विचारत होती, तिलाही तेच उत्तर. मला ह्याचा राग होता. अजून आहे. तुमच्या मायेने तुम्हाला एवढ्या एका जागी आंधळं केलं होतं.

त्या दिवशी दुपारी मी मास्टरांना काहीच बोललो नाही. बोलायची हिंमतच नव्हती, सकाळीच मी त्यांच्याकडून थान कापून घेतलं होतं. ते आपण होऊन उठले. रंग जाणाऱ्या कापडाचे मोठे तुकडे गोळा करून टेबलावर पसरले, हाताने सरळ केले, आणि चष्म्यावरून बघत हाक मारली, "ममता, इधर आ."

"मैं?"

"और कितनी ममता हैं यहाँ?"

ती पदराला हात पुसत आली. मास्टरांनी तिला खडू दिला, मग स्वतःची कात्री. त्या कात्रीला ते कुणाला हात लावू देत नाहीत, तुम्हालाही नाही. ममताला ती उचलेचना नीट, दोन हातांनी धरली. सगळ्या मशीनांचा आवाज मंदावला, बायका शिवता शिवता मान वर करून बघत होत्या.

पहिला कट वाकडा गेला. ममताने जीभ चावली.

"चलेगा," मास्टर म्हणाले. "ये कपड़ा सीखने का ही है. कोहनी टेबल पे रख. साँस रोक मत."

दुसराही वाकडा गेला. तिसऱ्याला त्यांनी तिच्या मनगटाखाली आपला हात धरला. सहा वाजले, बायका डबे घेऊन निघाल्या, ममताच्या मुलीचा फोन दोनदा वाजून बंद झाला, आणि ती दोघं टेबलाशी उभीच. मी काउंटरचं शटर अर्धं ओढलं आणि थांबलो.